बारा गावचं पाणी प्यायलेला खेळाडू

१९८९ च्या जून महिन्यात एनएचएलने, म्हणजे अमेरिका आणि कॅनडा मिळून चालणाऱ्या सर्वांत मोठ्या आइस हॉकी लीगने, नेहमीप्रमाणे नव्या खेळाडूंचा ड्राफ्ट घेतला. या पद्धतीत पाळी येईल तसा एकेक संघ तरुण मुलांपैकी एकाचे नाव घेतो आणि त्या मुलावरचा हक्क त्या संघाकडे जातो. डेट्रॉइट रेड विंग्ज या संघाने त्या वर्षी आपल्या पहिल्याच पाळीला, एकूण अकराव्या क्रमांकावर, कॅनडातल्या रिजायना शहराचा माइक सिलिंजर हा मुलगा घेतला आणि पुढे तिसऱ्या फेरीत, ५३ व्या क्रमांकावर, निकलस लिडस्ट्रॉम नावाचा एक स्वीडिश बचावपटू घेतला. लिडस्ट्रॉम १९९१ ते २०१२ असे २० हंगाम एकट्या डेट्रॉइटकडून खेळला, १,५६४ सामन्यांत उतरला, त्याने चार वेळा स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचा विजेतेपदाचा चषक, उचलला आणि आज तो त्या खेळातल्या थोरामोठ्यांत गणला जातो. त्याच्या आधी निवडला गेलेला सिलिंजर १७ हंगामांत १,०४९ सामने खेळला, पण एका संघाकडून नव्हे, तर १२ संघांकडून. एनएचएलमध्ये इतक्या संघांची जर्सी दुसऱ्या कोणीही घातलेली नाही.

लिडस्ट्रॉमबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते रास्तही आहे. मला मात्र सिलिंजर जास्त विचार करायला लावतो. त्याला कोणीच ठेवून घेतले नाही, असे म्हणता येते. त्याला बारा जणांनी मागून घेतले, असेही म्हणता येते. पहिले वाक्य सगळे बोलतात. या लेखात मला दुसऱ्या वाक्याची बाजू मांडायची आहे.

परभणीत राहून आइस हॉकीवर लिहिणारा माणूस थोडा विचित्र दिसणार, हे मी जाणून आहे. तिकडे स्टॅनले कपचे बाद फेरीचे सामने एप्रिलच्या मध्याला सुरू होतात आणि जूनपर्यंत चालतात, म्हणजे नेमक्या त्या दिवसांत की जेव्हा आमच्याकडे दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसते आणि बर्फ दिसलाच तर रसवंतीवर गोणपाटात गुंडाळलेला दिसतो. या नादाला मला माझ्या भाच्याने लावले. तो नोकरीनिमित्त अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात राहतो आणि तिथल्या ब्लू जॅकेट्स संघाचे सामने पाहायला जातो. हिवाळ्यात तिकडे संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्या घड्याळात पहाटे साडेपाचचा असतो, त्यामुळे मी उठून चहा ठेवेपर्यंत त्याचे स्टेडियममधून संदेश सुरू झालेले असतात. अशाच एका पहाटे त्याने कोल सिलिंजर या तरुण खेळाडूचा फोटो पाठवला आणि पाठोपाठ फोनच केला. “मामा, हा पोरगा याच शहरात जन्मलाय, अन् याच टीमनं त्याला घेतलंय. याचा बाप बारा टीमकडून खेळला म्हणे. बारा!” कोलचा जन्म मे २००३ मध्ये कोलंबसमध्ये झाला, कारण त्या वेळी वडील ब्लू जॅकेट्सकडून खेळत होते, आणि २०२१ च्या ड्राफ्टमध्ये त्याच संघाने त्याला बाराव्या क्रमांकावर निवडले. मुलगा दोन महिन्यांचा असताना वडिलांची त्या शहरातून उचलबांगडी झाली होती. त्याची हकीकत पुढे येईलच.

आधी हे लोक नेमके काम काय करतात, ते सांगायला हवे. आइस हॉकीत एका वेळी मैदानावर गोलरक्षक आणि पाच खेळाडू असतात, पण सामन्यासाठी संघ १८ खेळाडू आणि दोन गोलरक्षक तयार ठेवतो. बर्फावर पूर्ण वेगाने घसरत खेळणे इतके दमछाक करणारे असते की एक तुकडी साधारण ४०-५० सेकंद खेळते आणि कठड्यावरून उडी मारून बाहेर येते, त्याच क्षणी दुसरी आत उतरते. आक्रमकांच्या अशा चार तुकड्या असतात. पहिल्या दोन तुकड्यांत गोल करणारे, ज्यांच्या नावाच्या जर्सी दुकानांत विकल्या जातात ते खेळाडू असतात. तिसऱ्या आणि चौथ्या तुकडीत, बचावपटूंच्या शेवटच्या जोडीत आणि राखीव गोलरक्षकाच्या जागेवर बाकीचे असतात, आणि फिरस्ता, म्हणजे संघामागून संघ बदलत राहणारा, खेळाडू बहुधा याच जागांवर आढळतो. सामन्याच्या ६० मिनिटांपैकी त्याच्या वाट्याला कधी दहा-बारा मिनिटे येतात, कधी सहा-सात.

या थोड्या मिनिटांत तो जे करतो, ते दूरदर्शनच्या पडद्यावर पटकन डोळ्यांत भरत नाही. सिलिंजरचे नाव फेसऑफसाठी घेतले जाई. खेळ थांबला की तो पुन्हा सुरू करताना दोन्ही संघांचा एकेक खेळाडू ठरलेल्या ठिपक्यावर समोरासमोर येतो. दोघेही कमरेत इतके वाकतात की हेल्मेट एकमेकांना लागतात की काय असे वाटावे. स्टिकवरचा खालचा हात आणखी खाली सरकतो, काही जण त्या हाताची पकड उलटी करतात. नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर नसते, पंचाच्या हातातल्या पकवर असते. तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची आणि सुमारे सहा औंस वजनाची ही रबराची चकती सामन्याआधी गोठवून ठेवतात, म्हणजे ती बर्फावर उसळत नाही. ती हातातून सुटते आणि बर्फाला लागते न लागते तोच एकाने ती मागच्या साथीदाराकडे खेचलेली असते. सगळा मामला एका सेकंदाचाही नसतो. पण शेवटचे अर्धे मिनिट उरलेले असताना, एका गोलाची आघाडी असताना आणि ठिपका आपल्याच गोलजवळ असताना ही चकती कोणाकडे जाते, यावर सामना फिरतो. दुसरे असेच काम म्हणजे आपला एक खेळाडू दोन मिनिटांच्या शिक्षेवर बाहेर बसलेला असताना उरलेल्या चौघांनी गोल होऊ न देणे. त्यासाठी समोरून सुसाट येणारी चकती अंगावर घ्यावी लागते, आणि ती पायाच्या कोणत्या भागावर घ्यायची याचेही शास्त्र असते.

फिरस्त्या खेळाडूच्या कारकिर्दीचे मर्म मला इथे दिसते. गोल करणारा मोठा खेळाडू संघ त्याच्याभोवती बांधला जावा अशी अपेक्षा करतो, त्याचे साथीदार आणि डावपेच त्याच्या सोयीने ठरतात. फेसऑफ जिंकणाऱ्याचे कसब मात्र कुठेही चालते. तो मंगळवारी एका संघात उतरला आणि गुरुवारी दुसऱ्या संघात उतरला तरी ठिपका तोच असतो. हे कसब प्रत्येक संघाला लागते, पण त्यासाठी सात-आठ वर्षांचा भक्कम करार कोणी करत नाही. म्हणून तो नेहमी हवा असतो आणि नेहमीच देऊन टाकण्याजोगाही असतो. सिलिंजरला सुमार म्हणणाऱ्यांनी त्याचे आकडे एकदा पाहावेत: कारकिर्दीत २४० गोल आणि ३०८ साहाय्य (म्हणजे साथीदाराच्या गोलाआधी त्याच्याकडे चकती पोहोचवणे), आणि त्यातला सर्वोत्तम हंगाम २००५-०६ चा, ज्यात त्याने ३२ गोल केले. तेव्हा त्याने वयाची चौतिशी गाठली होती, आणि तो एकच हंगामसुद्धा त्याला एका गावात पुरा करता आला नाही. सुरुवात सेंट लुइसमध्ये झाली आणि शेवट नॅशव्हिलमध्ये.

आता व्यवस्थेकडे वळतो, कारण फिरस्ते खेळाडू आपल्या स्वभावाने फिरत नाहीत, त्यांना फिरवणारी यंत्रणा तिथे आहे. एनएचएलमध्ये ३२ संघ आहेत आणि प्रत्येक संघाला जास्तीत जास्त २३ खेळाडू नोंदवता येतात. त्याखाली १९३६ पासून चालत आलेली एएचएल ही लीग आहे, तिच्यातही ३२ संघ आहेत आणि त्यातला प्रत्येक संघ वरच्या एका संघाशी जोडलेला आहे. त्याच्याही खाली ईसीएचएल आहे. कोलंबसचा खालचा संघ त्याच राज्यातल्या क्लीव्हलंडमध्ये खेळतो. हे अंतर साधारण सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे परभणीहून संभाजीनगर त्यापेक्षा थोडे जवळच पडेल. वरच्या संघात सकाळच्या सरावात कोणाचा खांदा दुखावला की क्लीव्हलंडमध्ये फोन वाजतो, आणि तिथला एखादा खेळाडू दुपारी गाडीत सामान टाकून निघतो तो रात्रीच्या सामन्याला कोलंबसच्या बाकावर बसलेला असतो. दुखावलेला बरा झाला की हा परत.

या जाण्यायेण्याला पैशाचा मोठा संदर्भ आहे. २०२५-२६ च्या हंगामात एनएचएलमधला किमान पगार वर्षाला ७,७५,००० डॉलर आहे, आणि तो हंगामातल्या दिवसांवर मोजून मिळतो. म्हणजे वरच्या संघातला एक दिवस सुमारे चार हजार डॉलरचा. पण ज्याचा करार दुहेरी असतो, त्याला खालच्या संघात असतानाच्या दिवसांचा पगार वेगळ्या दराने मिळतो, आणि तो दर कधीकधी वरच्या दराच्या दहाव्या हिश्श्याइतका असतो. म्हणून वरच्या संघात आठवडाभर मुक्काम वाढणे म्हणजे खाली कित्येक आठवड्यांची कमाई होणे. ज्या माणसाचा पगार दुसऱ्या माणसाच्या खांद्याच्या दुखण्यावर ठरतो, त्याने त्या दुसऱ्याच्या प्रकृतीची चौकशी कोणत्या मनाने करावी, हा प्रश्न मला अनेकदा पडतो.

काही वर्षे खेळून झालेल्या खेळाडूला खाली पाठवायचे तर आणखी एक पायरी असते, तिला वेव्हर म्हणतात. संघ त्याचे नाव यादीत टाकतो आणि उरलेल्या ३१ संघांना २४ तासांची मुदत मिळते. कोणाला हवा असेल तर ते त्याला बदल्यात खेळाडू न देता उचलू शकतात, आणि दोन संघांनी मागितला तर गुणतक्त्यात खाली असलेल्याला तो मिळतो. कोणीच मागितला नाही तर तो खाली जातो. या २४ तासांत त्या खेळाडूने करण्यासारखे काहीच नसते. आपण कोणालाही नको आहोत, ही बातमी त्याला सगळ्या जगाबरोबर कळते. आणि कोणी मागितला, तर दुसऱ्या दिवशी कुठल्या शहराचे विमान पकडायचे, तेही तेव्हाच कळते.

अदलाबदलीत तर खेळाडूला विचारण्याचीही रीत नाही. करार माणसाशी असतो, पण तो करार संघ दुसऱ्या संघाकडे सोपवू शकतो. आपली अदलाबदल होऊ नये असे कलम करारात घालून घेता येते, पण त्यासाठी वयाची २७ वर्षे किंवा लीगमध्ये सात हंगाम पूर्ण व्हावे लागतात, आणि ती पूर्ण झाली तरी असे कलम मागण्याइतके वजन चौथ्या तुकडीतल्या माणसाला क्वचितच असते. जुलै २००३ मध्ये कोलंबसने एक नामांकित बचावपटू मिळवण्यासाठी सिलिंजर डॅलसला दिला, आणि डॅलसने त्याच दिवशी दुसरा एक बचावपटू मिळवण्यासाठी तो फिनिक्सला देऊन टाकला. त्यामुळे डॅलसची जर्सी त्याने कधी घातलीच नाही आणि त्याच्या बारा संघांच्या यादीत ते शहर नाही. घरी दोन महिन्यांचे बाळ, आणि एका दिवसात तीन राज्ये पार करून नोकरी वाळवंटातल्या शहरात गेलेली.

आमच्या भागात या जातीचा माणूस शोधायचा तर मला जत्रेत कुस्त्या मारत फिरणारा पैलवान आठवतो. आमच्या गल्लीत असा एक जण होता. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा भरली की तो लंगोट, टॉवेल आणि खुराकाचा डबा घेऊन एसटीत बसे, आणि तिथून गावोगावच्या उरूस-जत्रा करत चैत्र सरल्यावर घरी येई. फडात हलगी वाजत असे, पंच दोघांचे हात धरून जोड लावत, इनामाचा आकडा पुकारला जाई. शेवटच्या मानाच्या कुस्तीला तो कधीच नसे. ती नावाजलेल्या तालमींच्या मल्लांची. त्याची कुस्ती मधल्या इनामाची, आणि जिंकल्यावर फेटा पसरून फडाला फेरी मारताना पडतील त्या नोटांची. पण फड रंगायचा तो या मधल्या कुस्त्यांवर, हे जत्रेला गेलेला कोणीही सांगेल. साम्य इथपर्यंत आहे आणि इथेच संपते, कारण आमचा पैलवान कोणत्या गावाला जायचे ते स्वतः ठरवी. त्याला कोणी एका गावाकडून दुसऱ्या गावाला देऊन टाकले नाही. सिलिंजरच्या बँकेतली शिल्लक आमच्या पैलवानाला स्वप्नातही दिसली नसती, हे उघड आहे. तरी दोघांपैकी आपल्या पायांचा मालक कोण होता, असे विचारले तर मी गल्लीतल्या माणसाचे नाव घेईन.

भारतीय वाचकाला याच जातीचा आणखी एक खेळाडू माहीत असायला हवा, तो म्हणजे रॉबिन बावा. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या डंकन या गावी १९६६ मध्ये जन्मलेला हा पंजाबी वंशाचा मुलगा १९८९-९० च्या हंगामात वॉशिंग्टन कॅपिटल्सकडून उतरला आणि एनएचएलमध्ये खेळणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला. ड्राफ्टमध्ये त्याचे नाव कोणीही घेतलेले नव्हते. किशोरांच्या लीगमध्ये, कॅमलूप्स ब्लेझर्सकडून खेळताना, तो गोल करणारा खेळाडू होता. व्यावसायिक लीगमध्ये मात्र त्याच्यासाठी मोकळी असलेली जागा वेगळी होती: अंगावर जाणारा, धडक देणारा, वेळ आली तर हातमोजे काढून मारामारी करणारा खेळाडू. त्याने ती जागा घेतली. पहिल्या तुकडीत बसण्याजोगे गोल करणारे त्या वेळी प्रत्येक संघाकडे होते, आणि न निवडलेल्या, वेगळ्या रंगाच्या मुलाला ती संधी देण्याची घाई कोणाला नव्हती.

बावाचे आकडे लहान आहेत, पण मला ते वाचायला आवडतात. वॉशिंग्टनसाठी पाच सामने, व्हँकुव्हरसाठी दोन, सॅन होजेसाठी ४२ आणि अनाहाइमसाठी १२. एकूण ६१ सामने आणि सहा गोल. यातले ४२ सामने १९९२-९३ च्या हंगामातले आहेत, आणि त्या हंगामात सॅन होजे शार्क्स ८४ पैकी ७१ सामने हरला. एका हंगामात इतके पराभव एनएचएलमध्ये दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेले नाहीत. अनाहाइमचा संघ तर १९९३ मध्ये नव्यानेच जन्माला येत होता आणि बाकीच्या संघांनी मोकळे सोडलेल्या खेळाडूंतून त्याची भरती झाली. बावा त्या भरतीतून तिथे गेला. फिरस्त्या खेळाडूला जागा अशाच ठिकाणी मिळते, जिथे संघ कोलमडलेला असतो किंवा अजून उभा राहायचा असतो. या चार संघांच्या आधी, मध्ये आणि नंतर तो दुय्यम लीगमध्ये गावे बदलत राहिला, आणि अखेरीस इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनच्या संघाकडून खेळत असताना डोक्याला बसलेल्या माराने त्याची कारकीर्द १९९८-९९ च्या हंगामात थांबली. त्यानंतर नऊ-दहा वर्षांनी, २००८ मध्ये, कॅनडात हॉकीचे पंजाबी समालोचन सुरू झाले आणि ते चांगलेच गाजले. ज्या खेळाडूचे नाव त्या समालोचकांनी सर्वांत आधी घ्यायला हवे होते, तो तोवर खेळ सोडून गावी गेलेला होता. त्याच्या मागून आलेला मॅनी मल्होत्रा, ज्याचे वडील भारतीय, सात संघांकडून ९९१ सामने खेळला, आणि त्याचीही ख्याती फेसऑफसाठीच होती.

दुय्यम लीगमधले आयुष्य बसमध्ये जाते. एएचएलमध्ये शुक्रवार, शनिवार आणि रविवार असे लागोपाठ तीन दिवस तीन सामने येण्याचे प्रसंग असतात, आणि ते तीनही एकाच गावात असतील असे नाही. सामना रात्री दहाला संपतो, ओले सामान पोत्यात भरले जाते, बस निघते, आणि पहाटे कोणत्यातरी हॉटेलच्या दारात उतरायचे असते. भाचा एकदा क्लीव्हलंडला सामना पाहून आला, तेव्हा मी त्याला गोल कोणी केले हे न विचारता सामन्याआधीच्या सरावात काय दिसले ते विचारले. त्याने सांगितले की सगळी तरुण मुले गोलवर फटके मारत होती आणि दाढीत पांढरे केस असलेला एक बचावपटू काचेजवळ एकटाच, कडेला आपटून परत येणारी चकती उलट्या हाताने अडवण्याचा सराव करत होता. एकदा, पुन्हा, पुन्हा. बाकीचे आत गेले तरी त्याचे चालूच होते. अशा वडीलधाऱ्या खेळाडूंना खालचे संघ मुद्दाम ठेवतात. वीस वर्षांच्या मुलाने बसमध्ये झोपायचे कसे, पराभवानंतर जेवायचे काय, आणि वरून फोन आला नाही तरी सरावाला वेळेवर यायचे कसे, हे प्रशिक्षकाच्या फळ्यावर लिहून शिकवता येत नाही.

वरचे दार बंद झाले की वाट युरोपकडे वळते. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वीडन, फिनलंड, ब्रिटन, झालेच तर रशियाची केएचएल, असे पुष्कळ पर्याय असतात, पण यातल्या अनेक लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असते, त्यामुळे आलेल्या परदेश्याने पहिल्या आठवड्यापासून कामगिरी दाखवावी अशी अपेक्षा असते. करारात बहुधा राहायला घर आणि वापरायला गाडी धरलेली असते, आणि त्या देशाचा आजी-आजोबांकडून मिळालेला पारपत्राचा हक्क असेल तर खेळाडूचा भाव एकदम वाढतो, कारण मग तो परदेश्यांच्या मोजणीत येत नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, त्यामुळे कॅनडाचा एखादा पस्तिशीतला खेळाडू दोन वर्षांसाठी जर्मनीत गेल्याचे वाचले की मला उगाचच तो आमच्या अर्ध्या वाटेवर आल्यासारखा वाटतो. ब्रिटनमध्ये तर काही संघ खेळण्याबरोबर तिथल्या विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाची सोय करून देतात, आणि खेळ सुटल्यावर काय, हा प्रश्न पडू लागलेले खेळाडू ती आनंदाने स्वीकारतात. मला हा सौदा फार शहाणपणाचा वाटतो.

आमच्याकडे हा प्रश्न खेळाच्या शेवटी येत नाही, सुरुवातीलाच येतो. मराठवाड्यातला कबड्डीचा किंवा कुस्तीचा चांगला मुलगा राज्य पातळीचे प्रमाणपत्र मिळवतो ते नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी. पोलिसांत किंवा महसुलात लागला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि त्याचा खेळ हळूहळू मागे पडतो. त्यात त्याची चूक नाही. कोरडवाहू शेतीच्या घरात महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पगाराचे मोल ज्याने पाहिले आहे, तो याला नावे ठेवणार नाही. आइस हॉकीतही भारतात हेच चित्र आहे. लेहच्या गोठलेल्या तळ्यांवर डिसेंबर ते फेब्रुवारी असा जेमतेम हंगाम मिळतो, व्यावसायिक लीग नाही, आणि लडाख स्काउट्स किंवा इंडो-तिबेट सीमा पोलीस यांच्या संघांत मिळणारी नोकरी हाच खेळाडूचा आधार आहे. प्रो कबड्डीचा लिलाव २०१४ पासून सुरू झाल्यावर मात्र आपल्याकडेही दर हंगामाला जर्सी बदलणारे, पण खेळावरच पोट भरणारे मधल्या फळीतले खेळाडू दिसू लागले आहेत. त्यांच्याकडे आपण अजून ‘याला कोणी ठेवून घेत नाही’ याच नजरेने पाहतो, आणि हे मला खटकते.

एका गोष्टीबद्दल थोडे तिखट लिहितो. आइस हॉकीतली जी कथा जगभर पसरली, ती डेव्हिड एअर्सची. २२ फेब्रुवारी २०२० रोजी टोरांटोमध्ये पाहुण्या कॅरोलायना संघाचे दोन्ही गोलरक्षक जखमी झाले, तेव्हा आणीबाणीसाठी ठेवलेला, बर्फाची देखभाल करण्याचे काम केलेला आणि मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेला ४२ वर्षांचा हा माणूस गोलमध्ये उभा राहिला, त्याने आठ फटके अडवले आणि त्याचा संघ ६-३ ने जिंकला. कथा खरी आहे, गोडही आहे, आणि एअर्सचे कौतुक करायलाच हवे. पण एका रात्रीच्या पाहुण्यावर प्रेम करणे सोपे असते. पंधरा वर्षे त्याच दाराबाहेर उभा राहून अधूनमधून आत बोलावल्या जाणाऱ्या माणसाला तसे प्रेम कोणी देत नाही, कारण त्याच्या कथेत नेमकी टाळी कुठे वाजवायची ते कळत नाही.

स्टॅनले कपवर विजेत्या संघातल्या खेळाडूंची नावे कोरली जातात, आणि त्याचाही नियम आहे: त्या हंगामात संघासाठी ४१ सामने, नाहीतर अंतिम मालिकेतला किमान एक सामना. मार्चच्या अदलाबदलीत आलेला खेळाडू पहिली अट पुरी करूच शकत नाही, म्हणून त्याची सगळी भिस्त दुसरीवर असते. सिलिंजरचे नाव त्या चषकावर नाही. खुब्याच्या दुखण्याने २००८-०९ चा हंगाम त्याचा शेवटचा ठरला, तेव्हा तो न्यूयॉर्क आयलँडर्सकडे होता, आणि पुढे एडमंटनच्या संघात त्याला काम मिळाले ते तरुण खेळाडूंना घडवण्याचे, ज्यातले बरेचसे खालच्या लीगमध्ये असतात. भाच्याला मी आता टोलेडोला पाठवणार आहे. ईसीएचएलचा एक संघ तिथे खेळतो आणि कोलंबसहून गाडीने अडीच तासांत पोहोचता येते. जाताना त्याने कागद-पेन घेऊन जावे आणि शेवटच्या दोन मिनिटांत बर्फावर कोणाला उतरवतात, त्यांची नावे लिहून आणावीत, एवढेच मी त्याला सांगितले आहे.